वकीलपत्र कोण घेणार?

पुस्तकाबद्दल बोलताना ‘आवडलं’ हा शब्द बाईंना चालत नसे. “आवडलं हे आमटीबद्दल म्हणा. पुस्तकाबद्दल दुसरं काहीतरी सांगा,” असं त्या इतक्या शांतपणे म्हणत, की नव्या माणसाचा चहाचा कप हवेतच थांबायचा.

बाई शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी रविवारचं वाचनमंडळ सुरू केलं. महिन्याला एक कादंबरी. सगळ्यांनी वाचायची आणि मग सतरंजीवर बसून भांडायचं. आम्ही मोजकेच होतो. मी बँकेतली. शमीमभाभींच्या घरी हळदीचा व्यापार, त्यामुळे त्यांच्या पुस्तकाची पानंसुद्धा पिवळी. आणि जवळच्या खेड्यातले सुभेदार. फौजेतून आल्यावर ऊस बघायचे, पण गावात पुस्तकावर बोलायला कोणी नाही म्हणून मोटरसायकलवरून सांगलीला यायचे.

बाईंची एक पद्धत होती. कादंबरीत ज्याचा सगळ्यांना राग येतो, त्याची बाजू एकानं मांडायचीच. त्याला त्या वकीलपत्र म्हणत. “जो पुस्तकात गप्प आहे, त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला नको का?” एकदा सुनेला छळणाऱ्या सासऱ्याचं वकीलपत्र सुभेदारांकडे आलं. “आवं बाई, ह्याला मी उसाच्या फडात गाठला असता, वकिली कसली सांगताय!” असं म्हणत ते उभे राहिले आणि शेवटी त्या म्हाताऱ्याच्या एकटेपणावर असं बोलले, की भाभींनी पदर डोळ्यांना लावला.

बाई स्वतःबद्दल कधी बोलत नसत. लग्न केलं नसावं, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो. विचारण्याची हिंमतही नव्हती.

मग त्यांनी एक नवी कादंबरी निवडली. लेखक तिशी-पस्तिशीचा, सातारचा. चार वर्षांच्या मुलाला आजीजवळ टाकून आई निघून जाते आणि तो तिची वाट बघत मोठा होतो, एवढीच गोष्ट. पण आम्ही सगळे पेटून आलो होतो.

“आईचं वकीलपत्र कोण घेणार?” बाईंनी नेहमीसारखं विचारलं.

“मला नको,” भाभी म्हणाल्या. “ताप आलेलं लेकरू सोडून जाते ती. हिच्या बाजूनं बोलायला माझी जीभ उचलत नाही.”

“असली बाई दारात उभी करू नये,” सुभेदार म्हणाले. “आई म्हणायचं न्हाई तिला.”

बराच वेळ आम्ही त्या आईला फाडत होतो. बाई प्रत्येकाला प्रश्न विचारत होत्या, पान काढून दाखवा म्हणत होत्या. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

“म्हणजे कुणीच नाही. बरं. ती आई मी आहे.”

आम्हाला आधी कळलंच नाही. वाटलं, वकीलपत्र स्वतःकडे घेताहेत. मग त्या म्हणाल्या, “लेखक माझा मुलगा आहे. आडनाव मी माहेरचं लावते. त्यातलं घर, तो जिना, सगळं तसंच आहे. त्या घरात राहिले असते तर जिवंत राहिले नसते, एवढंच सांगते. त्याला न्यायला पुन्हा गेले होते. सासूबाईंनी तो दाखवलासुद्धा नाही. हे त्याला माहीत नाही, म्हणून पुस्तकात नाही.”

सुभेदार उठून उभे राहिले, हात जोडले. “बाई, आमी लय वंगाळ बोललो.”

“पुस्तकात होतं त्यावर बोललात. बसा. आता एक सांगा. लिहिलंय कसं त्यानं?”

सुभेदारांनी सतरंजीवरचं पुस्तक उचलून हातात घेतलं. “लय झ्याक लिवलंय, बाई.”

तेव्हा कुठे बाई रडल्या.

त्या थंडीत लेखकाचं व्याख्यान विश्रामबागेतच ठरलं. येऊ नका, असं बाईंना म्हणायचं धाडस कुणात नव्हतं. आम्ही त्यांना मध्ये घेऊन शेवटच्या ओळीत बसलो. भाषण झालं, लोक सह्या घ्यायला रांगेत लागले. बाईही लागल्या. आम्ही मागे.

त्यानं मान वर न करताच विचारलं, “नाव काय लिहू?”

“सुमन,” बाई म्हणाल्या. “आडनाव तुमचंच.”

पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. मी अनेक माणसांना धक्का बसलेला पाहिलाय, पण असा चेहरा पुन्हा पाहिला नाही. तो उभा राहिला, खुर्ची मागे पडली.

“तुम्ही… आहात?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

तो मोठा झाल्यावर त्याच्या आजीनं त्याला, आई मुंबईत कधीच वारली, असं सांगितलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही बाहेर पायरीवर बसून राहिलो. सभागृहाचे दिवे बंद होईस्तोवर ती दोघं आत होती.

पुढे तो दर आठवड्याला येऊ लागला. कादंबरी बदलतो, असं तो म्हणाला, तर बाईंनी साफ नकार दिला. “तुला ठाऊक होतं तेवढं तू खरं लिहिलंस. त्याला हात लावू नकोस. दुसरी लिही.” गेल्या उन्हाळ्यात तो त्यांना साताऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला. एसटी सुटली तेव्हा फौजेत आयुष्य काढलेले सुभेदार स्टँडवर मोठ्यानं रडत होते आणि बाई खिडकीतून त्यांना पुढच्या महिन्याचं पुस्तक सांगत होत्या.

मंडळ आता भाभींच्या घरी भरतं. परवा एका कादंबरीतल्या, भावाला फसवणाऱ्या माणसावर सुभेदार तावातावानं बोलायला लागले. “असल्या माणसाला…” म्हणाले आणि मध्येच थांबले. एकेकाच्या तोंडाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, “हितं ह्यो कुनाचा कोन न्हाई न्हवं?”

कुणी हसलं नाही. आणि कुणी लगेच ‘नाही’ असंही म्हणालं नाही.