पाहणारीची जागा

“विंग्रजी शाळेतल्या पोरीले रोही आन् म्हशीचा हेला सारकाच,” मोठी आई माझ्या मागे कुणाला तरी म्हणाली. मी वळून पाहिलं नाही. समोर हरभऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कुंपणाच्या तारेत मागचा पाय अडकलेली रानातली रोही उठू पाहत होती आणि मोठेबाबा व त्यांचा गडी काठ्या घेऊन तिच्याकडे चालले होते.

मी अकोल्याहून दोन दिवसांसाठी हिवरखेडला थोरल्या काका-काकूंकडे, म्हणजे मोठेबाबा आणि मोठ्या आईकडे, आले होते. अमरावतीला शिकत असताना एका निसर्गलेखकाच्या कथा आणि प्रवासवर्णनं मी अक्षर लावत लावत वाचली. मराठी वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्यातली हिंसाही मला सावकाश कळायची. त्याच्या एका कथेत रानकुत्री हरणाला पडू न देताच खायला सुरुवात करतात. एका प्रवासात तो दिवसभर नदीकाठी बसून मरणारं जनावर पाहतो आणि बोटही उचलत नाही. त्या पानांवर मी पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. पाहणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं, हे मी तिथून उचललं. मला ते सोयीचंही होतं. मी तशीही कुठे बोलत नसे.

पहिली काठी पाठीवर बसली. दुसरी तोंडावर. रोहीनं पाय ओढला, तशी तारेनं खुरापर्यंतची कातडी मोज्यासारखी खाली आणली.

“धड मार ना बे!” मोठेबाबा गड्यावर ओरडले. “मांगं काहून सरून राह्यला?”

“मादी हाये, मालक. पोटात असन तं?”

“असन तं एक आनखी कमी होईन.”

दोन महिने रात्रीची जागल करून त्यांचे डोळे लाल झाले होते. हरभरा दोनदा पेरला आणि दोन्ही वेळा रोहींच्या कळपानं मुळापासून खाल्ला. हे मला माहीत होतं, म्हणून त्यांचा राग मला खोटा वाटेना.

मी पाहत होते. खुराच्या वरची पांढरी कडी. लांब पापण्या. नाकातून येणारा लाल फेस. मनात वाक्यं तयार होत होती, आणि चांगली होत होती, याची मला आज लाज वाटते.

“फोटो काढून राह्यली का वं?” मोठेबाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “पेपरात देशीन आमाले. सरक तिकडं.”

मी सरकले. पुढची काठी डोळ्यावर बसली आणि डोळा फुटला. रोही ओरडली नाही. घशातून नुसती हवा निघाली. त्या लेखकाच्या रानात मारणारा भुकेला असतो. इथं तिला कोणी खाणार नव्हतं. आणि त्याच्या बसून राहण्यानं नदीकाठचं जनावर मरत नव्हतं. इथं मात्र मी गप्प राहत होते, तेवढ्या वेळात काठ्या पडत होत्या.

मोठेबाबांनी कुऱ्हाड मागितली.

तेव्हा मला त्याच्या उत्तरेतल्या प्रवासातला एक परिच्छेद आठवला. तिकडे याच जनावराला नीलगाय म्हणतात आणि नावात गाय आहे म्हणून शेत फस्त झालं तरी तिच्यावर हात टाकत नाहीत. ते खरं तर हरणाच्या नात्यातलं जनावर, गाय नव्हे, हेही त्यानंच पुढे लिहिलं होतं. आमच्याकडे ती रोही, म्हणून तिला मारता येत होतं. मोठेबाबा रोज सकाळी गाईला पहिली भाकर घातल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.

गड्यानं कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली. मी तार ओलांडली, ओढणी फाटली, आणि रोहीच्या डोक्याशी उभी राहून, खोटं आहे हे पक्कं ठाऊक असताना, ओरडले, “गाय हाये ते, मोठेबाबा! नीलगाय! गाईवर कुऱ्हाड चालवसान काय?”