वायमारकाकांची तारीख

‘सध्यापुरतं’ हा शब्द वायमारकाकांसमोर उच्चारायची सोय नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या घरात दिवा गेला म्हणून मी सध्यापुरता टेबललॅम्प आणून ठेवला, तर यांचा प्रश्न तयार, "कधीपर्यंत? तारीख सांग." मी म्हणायचे, काका, लॅम्प आहे हो, सरकार नाही! ते हसायचे, पण तारीख घेतल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत.

काका मूळचे नागपूरचे. इथल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर एकच विषय शिकवला: पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत जन्माला आलेली आणि पुढे हुकूमशाहीने गिळलेली वायमारची लोकशाही. नाव तिथूनच चिकटलं. युद्ध हरले सेनापती आणि तहाची नामुष्की आली नव्या सरकारच्या माथी, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा, जणू कालच कोणीतरी यांनाच फसवलंय. मग यायचं तिथल्या राज्यघटनेत संकटकाळासाठी ठेवलेलं ते कलम. राष्ट्राध्यक्षाने हुकूम काढायचा, संसदेने बघत बसायचं. "दर वेळी सध्यापुरतंच होतं गं," ते म्हणायचे, "आणि दमलेल्या लोकांना दर वेळी बरंच वाटलं."

आमच्या बौद्ध मंडळात बैठकीच्या सुरुवातीला सगळे उभे राहून संविधानाची उद्देशिका वाचतात. त्या रविवारीही वाचली, आणि पाठोपाठ मंडळाची निवडणूकच रद्द करायचा ठराव आला. विहारासाठी जागा कुठे घ्यायची यावरून इतकी भांडणं झाली होती, की माणसं एकमेकांकडे जेवायला जाईनाशी झाली होती. अध्यक्ष मिलिंददादा म्हणाले, सध्यापुरतं इलेक्शन कॅन्सल करू, सगळे अधिकार माझ्याकडे द्या, मी निस्तरतो. मिलिंददादा म्हणजे काकांचा जीव की प्राण. काकांची नजर अधू झाल्यापासून तेच त्यांना सगळीकडे ड्राइव्ह करून न्यायचे. माझ्या शेजारून काका उठले.

"कधीपर्यंत?"

दादांचा चेहरा उतरला. "काका, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्यानंतर या खुर्चीत जो येईल, त्याला मी ओळखत नाही."

ठरावाविरुद्ध दोनच हात वर झाले. दुसरा माझा, त्यांच्या शेजारी बसून मी दुसरं काय करणार होते? दादा त्या दिवशी काकांना न घेताच निघून गेले, आणि पुन्हा कधी न्यायला आले नाहीत. काकांची मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ क्लब." काका म्हणाले, "सवय तिथेच लागते." पुढच्या रविवारी ते बसने आले.

दादांनी काम चोख केलं, हेही सांगायला हवं. जागा मिळाली, भांडणं निवली. अधिकार मात्र त्यांच्याकडेच राहिले. काका मागच्या रांगेत बसायचे आणि शेवटी उठून तेवढंच विचारायचे. लोक कंटाळले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणीतरी खुर्च्या आवरायला घ्यायचं. मला त्या लोकांचा असा संताप यायचा! आणि खरं सांगायचं तर काकांचाही. सोडा ना म्हणावं एकदा. पण परतताना माझ्या गाडीत ते हळूच विचारायचे, "मिलिंद बरा आहे ना गं? आवाज खोल गेलाय त्याचा."

हिवाळ्यात काका गेले. अंत्यसंस्काराला दादा सगळ्यांच्या मागे उभे होते.

त्यानंतरच्या बैठकीत उद्देशिका वाचून झाली. सगळे खाली बसले, दादा उभेच राहिले. आम्हाला वाटलं, श्रद्धांजलीचं भाषण होणार. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि निवडणुकीची तारीख सांगितली.