नागुबाईची वाऱ्याची खिडकी

नागुबाई बोरीत नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासरच्या मधल्या खोलीला खिडकी बसत होती. दाराआडून तिनं सासऱ्याचं आणि सिताराम सुताराचं भांडण ऐकलं.

"मालक, लाकूड ओलं हाय. वाळलं की आकसंल."

"मुहूर्त आज हाय, का लाकूड वाळल्यावर? ठोक!"

"ठोकतो. पण उद्या माझं नाव घिऊ नका."

लाकूड आकसलं. सासरा जाईपर्यंत दर थंडीत सितारामचंच नाव घेत राहिला.

त्या खोलीत हिवाळ्यात कुणी झोपत नसे, ज्वारीची पोती तेवढी असत. यंदा मात्र तिथं बाळंतीण झोपवायची होती. धाकटी लेक शिवानी परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे नागुबाईनं मनाशी धरलेलं. पण सेलूहून आलेल्या विहीणबाई, सत्यशीलाबाई, खोलीत शिरल्या आणि लगेच पदर आवळत म्हणाल्या, "अवो, हितं तर कपाळावरची विभूती उडायलीय! उद्या सुट्टी झाली की सुनंला मी आमच्याकडंच नेते. आमचं घर स्लॅबचं हाय."

"सकाळी बघा, मग बोला," नागुबाई म्हणाली.

नवरा बसवराज खिडकीच्या दोन फळ्यांमध्ये चिंध्या कोंबून मोकळा झाला. "फट हितंच हाय. दिसतीय की."

"दिसतीय तिथूनच वारं येतंय व्हय?"

सकाळी तो लिंगपूजेला बसला असताना तिनं त्याच्यापुढची पेटती उदबत्तीच उचलली.

"अगं, पूजा चाललीय!"

"देव थांबतो. दवाखान्याची सुट्टी थांबत न्हाई."

तिनं उदबत्ती हळूहळू खिडकीच्या कडेनं फिरवली. फळ्यांपाशी धूर सरळ वर गेला. खालच्या कोपऱ्यात, चौकट आणि भिंतीच्या मधे, तो एकदम आत वळला, कुणी हाक मारल्यासारखा.

"हितं हाय चोर!"

"तो सिताराम..."

"गेला बिचारा. आता तरी सोडा त्याला."

तिनं जुनी उशी फोडली, उलथण्याच्या दांड्यानं कापूस फटीत ठासला आणि वरून शेणमाती लिंपली. फळ्यांच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या.

"ट्यूब चांगली होती गं!"

"सायकलवर कवा बसला होता तुमी?"

मग विहीणबाईंना खोलीत बसवून, दार घट्ट लावून, तिनं मोठ्या ऐटीत शेगडीवर ओवा-शेपाची धुरी टाकली. बाळंतिणीची खोली म्हटल्यावर धुरी पाहिजेच. पण धूर जायला होती ती फटही आता बुजली, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. जरा वेळानं दोघी एकमेकींना ढकलत अंगणात आल्या. दोघींच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"वारं न्हाई," विहीणबाई खोकत म्हणाल्या, "खरंच न्हाई. पण माणूस बी ऱ्हात न्हाई!"

नागुबाईनं कपाळावर हात मारला. गेली लेक सेलूला!

विहीणबाईंनी डोळे पुसले. मग पोट धरून हसायलाच लागल्या. "शेगडी अंगणात ठिवा. बंद खोलीत निखारा न्यायचा न्हाई, बाळाला धूर दावायचा न्हाई. हे कबूल असंल तर ठिवून घ्या लेकीला."

"कबूल, लय कबूल!" नागुबाई शेगडी उचलायला धावली.

दार-खिडकी उघडून खोली निवांत मोकळी केली. दुपारी जीप आली. शिवानी उबदार खोलीत निजली, बाळ तिच्या कुशीत.

संध्याकाळी नागुबाई दुधाची किटली घेऊन रतीब घालायला निघाली. शेजारच्या धुरपताबाईनं विचारलं, "सकाळी धूर कशाचा गं निघत होता?"

"विहीणबाईंचा मानपान केला."

माप ओतून, वर बाळाच्या नावानं थोडं जास्त घालून, तिनं पदराला हात पुसले आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.