कालचं पान चालत नाही

फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याचा जमिनीच्या नामांतरणाचा अर्ज टाइप करत होतो. बालाघाटच्या कचेरीबाहेर माझं टेबल आहे, लोकांचे अर्ज लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. "मामा, माँ नहीं रही," पलीकडून कौसल्याबाईचा मुलगा म्हणाला. त्याला मराठी सगळी कळते, पण रडू हिंदीतच येतं. मी "निघालोच" म्हणालो, फोन ठेवला आणि... अर्ज पुरा केला. म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, शाई पुसायला त्याला चिंधी दिली, मगच उठलो. कागद आधी आणि माणूस मागून, ही माझी सवय. ती बाईला चांगली ठाऊक होती, आणि तिच्या गावाला ती फार महागात पडली.

कौसल्याबाई माझी मोठी मावसबहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. किरनापूरच्या पुढे, लांजीच्या रस्त्यावरून आत वळलं की तिचं गाव. तिथं ती सून म्हणून गेली तेव्हा जंगल अंगणाला लागून होतं, असं ती सांगायची. मग ते हटत हटत इतकं लांब गेलं की सरपणाची एक मोळी आणायला अख्खा दिवस मोडायचा. दोष द्यायला बाहेरचे चोर होतेच, पण निम्म्या कुऱ्हाडी गावातल्याच होत्या, आणि हे भर बैठकीत बोलणारी बाईच निघाली. "दुसऱ्याले काहून नावं ठेवता? माह्या दिराच्या घरी पाहा ना, नवी बैलगाडी कशाची हाय!" दीर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. बाईला त्याचं काही वाटलं नाही, उलट घरात शांतता झाली म्हणाली.

त्या बैठकीतून बायांची जंगल राखायची पाळी सुरू झाली. रोज सकाळी दोन घरांतल्या दोघींनी जंगलाच्या पार शेवटच्या टोकापर्यंत फिरून यायचं. आता कोण खरंच शेवटापर्यंत गेलं आणि कोण मोहाच्या झाडाखाली बसून गप्पा मारून परतलं, हे कळणार कसं? लिहिता-वाचता येणाऱ्या गावात वही आली असती. बाईने पान आणलं. शेवटच्या टोकाला, नाल्याच्या वळणावर एक जुना बिजा, म्हणजे बिबळ्याचं झाड, होता. अख्ख्या रानात तेवढा एकच. पाळीवाल्या बायांनी त्याचं ताजं पान तोडून आणायचं आणि बाईच्या ओसरीवरच्या तारेत ओवायचं. उन्हाळ्यात झाड उघडं पडलं की त्याची गोल चपटी शेंग चालायची. पान ओवलं की पाळी झाली. ओवलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घर.

एकदा तिच्याच सुनेने आदल्या दिवशीचं पान रात्रभर पाण्यात ठेवून तारेला लावलं. बाईने ते बोटांत चोळलं, वास घेतला. "हे कालचं हाय. कालचं पान चालत नाही. जा, ताजं घेऊन ये." ऐन दुपारी, भाकरी ताटात असताना सुनेला परत धाडलं. मी तिथंच जेवत होतो. मला ते फार झालं असं वाटलं आणि मी तसं बोललोही. बाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जंगल परत आलं. एकदम नाही, पण आलं. चारोळी आली, तेंदूची पानं जवळ मिळू लागली, बाया मोळी घेऊन जेवायच्या वेळेला घरी पोचू लागल्या. मग वनहक्काचा दावा करायचं ठरलं, म्हणजे हे राखलेलं जंगल कागदावर गावाचं होईल. घरचाच अर्जनवीस असताना बाहेरचा कशाला? बाई बालाघाटला आली आणि म्हणाली, "मन्या, एकदा पाळीवर चाल. पायांनी पाह्य, मंग लिव."

मी गेलो नाही. गुडघे दुखत होते, तारखा होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्याची गरजच वाटली नाही. मी ओळखीतून छापील नकाशा मिळवला. त्यात जंगलाचे कक्ष पाडलेले होते, प्रत्येकाला नंबर होता. गावापुढे जो कक्ष होता त्याचा नंबर मी चहा पिता पिता अर्जात उतरवला. गावकऱ्यांनी मला हद्द सांगितली होती ती अशी: गावालगतच्या गावखोरीपासून नाल्याच्या वळणावरच्या बिजापर्यंत. मी हसलो होतो. म्हटलं, सरकारी कागदावर झाड चालत नाही, नंबर चालतो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात... मी तर शब्दांवरच पोट भरत होतो.

दावा मंजूर झाला. मांडव पडला, भाषणं झाली, बाईला हार आणि मलाही एक शाल मिळाली. ती शाल अजून कपाटात आहे, मी ती कधी पांघरली नाही.

दोन पावसाळे गेले आणि पलीकडच्या कक्षात वनखात्याची रीतसर तोड निघाली. नाल्याचं वळण त्याच कक्षात होतं. बाया जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. साहेब सभ्य होता. त्याने कागद उलगडला आणि शांतपणे म्हणाला, "अम्मा, ये आप ही की दरख़्वास्त है। इसमें ये हिस्सा तो आपने माँगा ही नहीं।" बाईला वाचता येत नव्हतं, पण खालचा स्वतःचा अंगठा तिने ओळखला. बाया बाजूला झाल्या. बिजा पडला.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. पदरात एक पान होतं, आडव्या पडलेल्या फांदीवरून तोडलेलं.

"मन्या, तू त्या वळणावर गेलता?"

"नाही, बाई."

"मंग लिवलं कसं?"

माझ्या चुकीबद्दल ती याहून जास्त कधीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पान टेबलावर ठेवून एवढंच म्हणाली, "नवा अर्ज कर. अन् हे लाव त्याले." मी म्हणालो, कचेरीत पानं घेत नाहीत. अर्ज केला, पान लावलं नाही. उत्तर आलं नाही. पान माझ्या खणातच राहिलं.

आणि गावाला तिने काय सांगितलं? कागदात चूक झाली, एवढंच. कोणाची, ते सांगितलं नाही. गावाने ती वरच्यांच्या माथी मारली आणि मी मारू दिली. पाळी त्यानंतर वर्षभरात मोडली. शेवटाला झाडच नाही, तर जायचं कुठवर आणि आणायचं काय? कुऱ्हाडी परत आल्या. बाई ओसरीवर बसून मोळ्या जाताना बघायची, नावं घेऊन हाका मारायची, आणि लोक ऐकू न आल्यासारखे पुढे जायचे. शेवटचा ताप दोन दिवसांचा होता, पण ती त्या ओसरीवरच संपली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाव जमलं. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण बोलला. ज्यांच्या अंगणात ओली लाकडं रचलेली मी येताना पाहिली, तेही बोलले. सरपंच म्हणाला, "बाईनं राखलं अन् मामानं लिवून देल्लं." लोकांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी बसलो. तेव्हाही तोंड उघडलं नाही, म्हणून आज लिहितो आहे: ती चूक माझी होती.

लोक पांगल्यावर मी फुलवंताबाईला म्हणालो, मला वळणापर्यंत ने. पहिली पाळी हिने आणि बाईनेच केली होती. "आता?" ती म्हणाली. "आता जाऊन काय करता, भाऊ?" पण निघाली. चालायला दोन तास लागले, गुडघ्यांसकट. खुंटावर नंबर होता, त्याखाली लाल चिकाचा वाळलेला ओघळ. नवा फुटवा नव्हता. मी उगीच चारी बाजूंनी बघितलं. फुलवंताबाई नाल्याकडे तोंड करून उभी राहिली.

परत आलो तेव्हा ओसरी झाडून झाली होती. सुनेने तारेवरची जुनी पानं काढली होती, तार मात्र खिळ्याला तशीच होती. बालाघाटहून निघताना खणातलं ते पान मी खिशात घालून आणलं होतं. ते काढलं, तारेचं टोक धरलं... दारात सून उभी होती. ती माझ्या हातातल्या पानाकडे बघत राहिली.

मी पान परत खिशात ठेवलं.