लार्किन स्ट्रीटची सतरा मतं

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, भर उन्हात, शेजारच्या घराची मागची भिंत चोरीला गेली.

ओझेला मेब्री स्वयंपाकघरात उभी राहून मक्याची पेज ढवळत होती. बाहेर ट्रकचा आवाज आला म्हणून तिनं खिडकी वर सरकवली. दोन माणसांनी भिंतीच्या खिडक्यांमधून पोलादी दोर ओवला होता आणि त्याचं टोक ट्रकला अडकवलं होतं.

"ए! ते सॅम्पसन लोकांचं घर आहे!" ती ओरडली.

त्यातल्या एकानं अदबीनं टोपी काढली. "राहतं का कोणी, आजी?"

"नऊ वर्षं झाली जाऊन."

"मग तुम्ही जरा आत व्हा. धूळ उडेल."

ट्रकनं हिसका दिला आणि दुमजली भिंत गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. दुपारपर्यंत त्यांनी चांगल्या विटा निवडून, चुना झटकून, गाडीत नीट रचून नेल्या. शहराच्या उत्तरेकडच्या वस्तीतली ही जुनी लाल वीट दक्षिणेतल्या राज्यांत श्रीमंतांच्या अंगणात, शेकोटीच्या कट्ट्यात भाव खाते. ओझेलानं पोलिसांना फोन केला, नगरसेवकाच्या कचेरीला तीन वेळा केला. कचेरीतली मुलगी दर वेळी विचारायची, "मेब्री? कसं लिहायचं हो ते?"

हेच ओझेलाला जास्त लागलं. एक काळ होता, त्या कचेरीत तिचं नाव कोणाला विचारावं लागत नव्हतं.

आईचा हात धरून आर्कान्सासच्या कापसाच्या शेतांतून ती या शहरात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. मोठी झाल्यावर बुटांच्या कारखान्यात वरचं कातडं शिवायला लागली. कारखाना बंद पडला तशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायला गेली. पण तिची खरी ओळख होती ती मतांची. लार्किन स्ट्रीट आणि आसपासच्या तीन गल्ल्या तिच्या. निवडणूक आली की ती दारोदार फिरायची. कोणाचा पाय दुखतो, कोणाचा मुलगा तुरुंगातून सुटला, कोणाला मतदान केंद्रापर्यंत गाडी लागेल, सगळं तिच्या डोक्यात. त्या बदल्यात तिचा एक फोन गेला की खांबावरचा दिवा दुसऱ्या दिवशी लागायचा. "मिस ओझेलाला सांग," एवढंच लोक एकमेकांना म्हणायचे.

आत्ताचा नगरसेवक कॉर्नेलियस व्हिटलो, त्याला तर तिनंच उभा केला. विमा विकणारा लाजरा पोरगा होता तो. लोकांपुढे उभा राहिला की घशाला कोरड पडायची. तिनं त्याला बरोबर घेऊन दारं दाखवली. "आधी त्यांच्या आईची चौकशी कर, मग मत माग," हे तिनं त्याला शिकवलं. पहिल्या खेपेला तो त्रेसष्ट मतांनी निवडून आला. तिच्या एकट्या केंद्रानं त्याला तीनशे अठ्ठ्याऐंशी मतं दिली होती.

मग इस्पितळ बंद झालं, शाळा बंद झाली. ज्यांना जमलं ते हमरस्त्यापलीकडे गेले. नवरा क्लाइड वारला, मुलगा ह्यूस्टनला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. लार्किन स्ट्रीटवर एकेकाळी बेचाळीस घरं नांदत होती, आता दोन उरली. एक ओझेलाचं आणि दुसरं टोकाला हार्लन ड्यूक्सचं.

गुरुवारी तिनं रविवारची निळी टोपी घातली आणि दोन बस बदलून कॉर्नेलियसच्या कचेरीत गेली. तो खुर्चीतून उठून पुढे आला. तिचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले.

"मिस ओझेला! अहो, फोन तरी करायचा."

"केला. तीन वेळा."

तो जरा ओशाळला. तिनं भिंतीची हकीकत सांगितली. दिवे नाहीत, गस्तीची गाडी फिरकत नाही, उद्या माझ्याच भिंतीला दोर बांधतील, म्हणाली.

"मागच्या खेपेला तुमच्या केंद्रावर किती मतं पडली, आठवतं?" त्यानं हळूच विचारलं.

"चौतीस."

"एकतीस. तीन बाद झाली." त्यानं चष्मा काढून पुसला. "वरचे लोक आकडा बघतात आणि गाडी दुसरीकडे पाठवतात. मी एकटा किती भांडू?" मग खणातून एक कागद काढून त्यानं तिच्यापुढे सरकवला. एका कंपनीला तिथे गोदामं बांधायची होती. आजूबाजूची जागा कंपनीनं केव्हाच घेऊन ठेवली होती. ओझेलानं घर विकलं तर वृद्धांच्या नव्या इमारतीत तिला खोली मिळणार होती. लिफ्ट, नर्स, सगळी सोय.

ओझेलानं कागदाला हात लावला नाही. "कॉर्नी, या लोकांनी तुझ्या निवडणुकीला पैसे दिलेत?"

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच बघायला तिला जड जात होतं.

"निवडणूक लढवायला काहीतरी लागतंच, मिस ओझेला," तो म्हणाला. "पूर्वी माझ्याकडे तुम्ही होतात."

परतीच्या बसमध्ये ती काचेला डोकं टेकून बसली. निवडणुकीला तीन आठवडे होते. घरी उतरेपर्यंत तिनं ठरवलं, की या वेळी केंद्रावर शंभर मतं पाडायची. कोणाला का पडेनात, पण आकडा दाखवायचा.

दुसऱ्या दिवसापासून ती निघाली. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, हातात काठी. पण दारं कुठं होती? एकेका गल्लीत गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि त्यात नुसत्या पायऱ्या उरल्या होत्या, कुठल्याच घरात न जाणाऱ्या. ती त्या पायऱ्यांपुढून जाताना मनात नावं घेत गेली. रोझियर. मिसेस टॉलिव्हर. जुळे बेकम भाऊ. आठ दिवसांत तिला एकंदर तेवीस माणसं भेटली. त्यातली अर्धी भाड्यानं नुकतीच आलेली आणि महिनाअखेर जाणारी.

हार्लन ड्यूक्सचं दार तिनं शेवटाला ठेवलं. पस्तीस वर्षं त्यानं तिला दारातूनच परतवलं होतं. ती आली की म्हणायचा, "आली बघा पुढाऱ्याची मावशी." तीही ऐकून घ्यायची नाही. चर्चच्या माशांच्या जेवणावळीत चारचौघांत तिनं त्याला सुनावलं होतं, "मासे खायला बरा पायी येतोस, मत द्यायला मात्र तुझे पाय मोडतात!" सगळे हसले होते. त्यानंतर तो जेवणावळीला यायचाच थांबला.

तो ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून बसला होता. जवळ प्राणवायूची नळकांडी होती.

"बसा," तो म्हणाला. "आता दार लावायलाही उठवत नाही मला."

"हार्लन, फक्त एक मत. तू माझं तोंड बघू नकोस, कॉर्नीचं बघू नकोस. आकड्यासाठी ये."

"मला मत नाही, मिस ओझेला."

"म्हणजे यादीत नाव घातलं नाहीस?"

"मला अधिकार नाही." तो रस्त्याकडे बघत राहिला. "तरुणपणी दुकान फोडलं होतं. सात वर्षं आत होतो, मग सुटल्यावर किती वर्षं सरकारी अधिकाऱ्यापुढे हजेरी. माझ्यासारख्याला मत नसतं."

ओझेला ओट्याच्या कडेला बसली. "हजेरी कधी संपली?"

"अठ्ठ्याऐंशी साली."

"अरे, मग संपली त्या दिवशी तुझा अधिकार परत आला! या राज्यात तसाच कायदा आहे. एक अर्ज भरायचा, बस."

हार्लननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मला कोणी सांगितलं नाही."

सांगणं हे तिचंच काम होतं. ती दर निवडणुकीला या दारात आली होती, चिडवून गेली होती, पण का देत नाहीस, असं एकदाही विचारलं नव्हतं. तिला जेवणावळीतलं ते हसणं आठवलं. त्याच्याहून कितीतरी लहान बायकाही हसल्या होत्या.

"चुकलं माझं, हार्लन," ती म्हणाली. "फार चुकलं."

"तुम्ही म्हणालात ते बरं झालं," तो म्हणाला. "मासे मात्र चांगले करायचे हं ते लोक."

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन आली. त्याचे हात थरथरत होते, म्हणून नाव-पत्ता तिनं लिहिला, सही त्यानं केली. या निवडणुकीसाठी नाव घालायची मुदत टळून गेली होती. पुढच्या खेपेला चालेल, असं तिला फोनवर सांगण्यात आलं.

"पुढच्या खेपेला," हार्लन हसून म्हणाला. "म्हणजे मला जगायला कामच दिलंत तुम्ही."

निवडणुकीच्या दिवशी ओझेला चर्चच्या तळघरातल्या केंद्रावर सकाळी सहापासून कर्मचारी म्हणून टेबलापाशी बसली. बरोबरची बाई लोकरीचं विणकाम करत होती. दुपारी दोन तासांत एकही माणूस आलं नाही. संध्याकाळी सातला दार बंद केलं तेव्हा सतरा मतं झाली होती. ओझेलानं आपल्या मतपत्रिकेवर नगरसेवकाची जागा कोरी सोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा. कॉर्नेलियस आरामात निवडून आला. त्या रात्री तिला वाटलं, तो फोन करील. त्यानं केला नाही, आणि तिनंही वाट बघायचं सोडून दिलं.

नोव्हेंबरात एका सकाळी हार्लनच्या दारात रुग्णवाहिका लागली. ओझेला कोट अंगावर घेऊन पोहोचेपर्यंत ती वळणावरून गेलीसुद्धा. आठवड्यानं त्याची एक भाची आली आणि कपड्यांची पेटी घेऊन गेली. मामाला आता कॅन्सस सिटीला नेणार, म्हणाली. घाईत तिनं एक नंबर लिहून दिला.

नाताळाच्या आधी टपालवाला ओझेलाच्या दारात थांबला. "मिस ओझेला, या गल्लीत आता तुम्हीच. हे कोणाकडे देऊ?" ते हार्लनचं मतदार कार्ड होतं. हार्लन जे. ड्यूक्स, लार्किन स्ट्रीट.

तिनं भाचीचा नंबर फिरवला. तो बंद होता. तिनं कॅन्सस सिटीतल्या तीन इस्पितळांत विचारलं, कोणी काही सांगेना. मग तिनं ह्यूस्टनला मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मा, तू त्या खोलीत राहायला जा बघू. मलाही रात्री नीट झोप लागेल."

"बघते," ती म्हणाली.

कंपनीनं मागाहून टपालानं पाठवलेला तोच कागद टेबलावर तसाच पडला होता. तिनं सही केली नाही. जानेवारीत कंपनीनं मोकळ्या जागांभोवती तारेचं कुंपण घालायला घेतलं. कामावरचा एक माणूस पाणी मागायला आला तेव्हा ती त्याला आत बसवून कॉफी करू लागली. त्याला परत जायची घाई होती, पण बाई बोलत होती, म्हणून तो बसून राहिला. ती त्याला विचारत होती, तुझं गाव कुठलं, तुझी आई कशी आहे.