दहावीच्या वर्गात भरलेला खटला

शाळेत त्यांना सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून थोडा अभिमानही होता. कुठलीही लढाई विचारा, बाई फळ्याकडे तोंड करून, हातातला खडू न थांबवता तारीख सांगायच्या. सव्वीस वर्षं असंच शिकवलं: कारणं सात, परिणाम पाच, खाली रेघ.

युद्धगुन्ह्यांचा धडाही त्या असाच उतरवून देत होत्या, तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या एका अबोल मुलीनं हात वर केला. हुकूम पाळणं हेच सैनिकाचं काम असेल, तर पाळणारा गुन्हेगार कसा, एवढंच तिनं विचारलं. बाईंनी वही चाळली. परिणाम पाचही जागेवर होते, उत्तर मात्र कुठेच नव्हतं. "उद्या सांगते," असं म्हणून बाई वर्गाबाहेर पडल्या खऱ्या, पण त्यांचे कान गरम झाले होते.

घरी मोठी नणंद होती. कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेली, आणि आता घरात वाद झालाच तर दोन्ही बाजू ऐकून घ्यायला टपलेली. तिनं बाईंचं गाऱ्हाणं ऐकलं आणि म्हणाली, "उत्तर कशाला देतेस? खटला चालव."

तीन कप चहात दोघींनी एक युद्ध रचलं. देशाला नाव नाही, सैन्याला नाव नाही. पकडलेले अकरा सैनिक एका गोदामात कोंडले, पाणी दिलं नाही, अकराही गेले. आरोपी दोन: हुकूम देणारा अधिकारी आणि कुलूप लावणारा पहारेकरी.

दुसऱ्या दिवशी लाल फितीची फाईल काखेत मारून नणंद स्वतःच वर्गात हजर. वर्गातला नकल्या अधिकारी झाला, मॉनिटर न्यायाधीश झाली. पहारेकऱ्याचं काम कुणी घेईना, ते त्या अबोल मुलीनं मागून घेतलं. नकल्या प्रत्येक प्रश्नाला छताकडे बोट दाखवून सांगू लागला, हुकूम वरून आला. वर्ग हसून लोटपोट. वरच्या मजल्यावर मुख्याध्यापकांचीच खोली होती, आणि नेमके तेच गोंगाट ऐकून दारात येऊन उभे राहिले.

न्यायाधीशबाईंनी त्यांना साक्षीला उभं केलं. मुख्याध्यापकांनी क्षणभर विचार केला, चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, की त्यांनी लेखी काहीच दिलेलं नाही, खालच्यांनीच चुकीचं समजून घेतलं. आता तर नणंदेलाही हसू आवरेना. फाईल तोंडावर धरून ती खिडकीकडे वळली.

मग मुलगी उठली.

"दार मी लावलं," ती म्हणाली. "किल्ली माझ्या खिशात होती. ते पाणी मागत होते, ते मला ऐकू येत होतं. वरच्यांना येत नव्हतं."

नकल्यानं वर केलेलं बोट हळूच खाली घेतलं.

निकालाला पुढचे दोन तास लागले, गणिताच्या सरांचा तासही त्यातच गेला. दोघंही दोषी ठरले, अधिकारी जास्त. पण वर्ग तेवढ्यावर थांबेना. त्या अकरा घरांना कोण सांगणार, काय शब्दांत सांगणार, घरचे ऐकून तरी घेतील का, यावर पोरं तावातावानं भांडत राहिली. घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही. आणि उत्तर माहीत नसलेल्या तारीखबाई मध्ये उभ्या राहून एकेकाला बोलायची पाळी देत होत्या, केसांत खडूची भुकटी, चेहरा फुललेला.

परतताना दोघी नणंद-भावजया रस्त्यात तीनदा थांबल्या, मुख्याध्यापकांची साक्ष आठवून. एकदा तर बाईंना विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. मध्येच त्या मुलीचा आवाज आठवे, हसू विरे, आणि चार पावलांवर पुन्हा दोघींपैकी एक फिसकन हसे. नणंद म्हणाली, तीस वर्षांत कोर्टात असा दिवस उजाडला नव्हता.

त्याच आठवड्यात ती मुलगी शिक्षकांच्या खोलीत आली. खऱ्या खटल्यांचे कागद कुठे वाचायला मिळतील, असं विचारत होती. बाई तिला घेऊन ग्रंथालयात निघाल्या. मागे पाहतात तो आणखी नऊ जणं.

"खुर्च्या सहाच आहेत," ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि सरळ जमिनीवर बसल्या.