सहावी खुर्ची

आमच्या मेसच्या खुर्च्या मी कुणाला देत नाही. सौदीतल्या रास अल खैरच्या या कॅम्पात एकदा हातातून गेलेली वस्तू परत येत नाही, हा माझा अनुभव. त्यामुळे केनियाचा ओटिएनो सहा खुर्च्या मागायला आला तेव्हा मी सरळ विचारलं, "किसलिए?"

"शुक्रवार को आफ्रिका डे है, बाळा भाई."

ओटिएनो क्रेनवरचा फोरमन. हिंदी आमच्याकडूनच शिकलेला, कॅम्पातले बरेचजण शिकतात तशी. त्याने समजावलं ते असं: हा आफ्रिकेतल्या देशांच्या एकीचा दिवस. पाच खुर्च्या आफ्रिकेच्या पाच भागांच्या. सहावी आफ्रिकेबाहेर नेल्या गेलेल्यांच्या वंशजांची. त्या सगळ्या बाहेरच्यांना म्हणे तिकडे सहावा प्रदेश मानतात.

"और उस पे हम्माद बैठेगा," तो म्हणाला.

मी झारा हातात धरून बघतच राहिलो. हम्माद? आमचा? त्या नादात मी खुर्च्यांना हो म्हणून बसलो.

हम्माद सिद्दी मुरुडचा. क्रेनला बोजा बांधायचं काम करतो, जेवतो आमच्या मेसमध्ये. त्याचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आले, ते रंगावरून आणि केसांवरून कुणालाही कळतं. पण बोलायला लागला की अस्सल कोकणी माणूस. सुकटीत कोकम कमी पडलं तर ताट सरकवून बसेल. त्याची चेष्टाही ठरलेली. "हम्माद, जंजिरा कधी देतोस परत?" असं कुणी म्हटलं की तो म्हणतो, "आधी होडीचं तिकीट काढा."

मला कुणी त्याच्या गावचा समजलं की मात्र माझं डोकं फिरतं. मी श्रीवर्धनचा. मध्ये अख्खी राजपुरीची खाडी आहे. हे मी या कॅम्पात कितीजणांना सांगितलं असेल, देव जाणे.

संध्याकाळी हम्माद कांदे चिरायला बसला. मला म्हणाला, "बाळाकाका, बसू का मी त्या खुर्चीवर?"

"मला काय विचारतोस? बूड तुझं."

"खुर्ची तुमची आहे ना." तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता. "आईला फोन केला होता. म्हटलं, आपण मूळचे कुठले? ती म्हणाली, वेड लागलं का तुला, मुरुडचे, रेशनकार्ड दाखवू का?"

"मग झालं तर."

"कसलं झालं? मला इथे एअरपोर्टवर सुदानी समजतात. मुंबईच्या एअरपोर्टवर इंग्रजीत बोलतात. नीलेशने पहिल्या दिवशी काय विचारलं आठवतं? यू, विच कंट्री?"

नीलेश आमचा चिपळूणचा इलेक्ट्रिशियन, तोंडाला कुलूप नसलेला. तो तिथेच भांडी घासत होता. त्याने मान खाली घातली आणि घासलेलाच टोप पुन्हा घासायला घेतला.

"ओटिएनोने काहीच विचारलं नाही, काका. आला आणि म्हणाला, तू आमचा आहेस."

"आणि आम्ही कोण मग?" माझा आवाज चढला.

"तुम्हीही म्हटलंत. पण विचारून म्हटलंत."

मला वाईट वाटलं, लपवत नाही. रागही आला. कोण कुठला ओटिएनो, आणि आमच्या पोराला उचलून न्यायला निघालाय! दुसऱ्या दिवशी साइटवर त्याला गाठलं आणि म्हटलं, तुम्हाला एकत्र येऊन करायचंय तरी काय? तो म्हणाला, देशादेशांतला माल अडू नये, व्हिसाशिवाय एकमेकांकडे जाता यावं, लुटून नेलेल्या मूर्ती परत याव्यात, आणि बाहेर पडलेला आपला माणूस एकटा पडू नये. मी डोकं खाजवलं. आमची मेस नारळ घालायचा की शेंगदाण्याचं कूट, यावरून फुटली. सातारावाले वेगळी चूल मांडून बसलेत. आणि हे पन्नासच्या वर देशांना एका पंगतीला बसवायला निघालेत. हसावं की हात जोडावेत, मला कळेना.

शुक्रवारी दुपारी मेसमध्ये माशाचं जेवण असतं. जेवण तयार झालं तरी हम्माद आला नाही. "मी बघून येतो, खुर्च्या आहेत आपल्या," असं म्हणून मी करमणुकीच्या हॉलच्या दारात जाऊन उभा राहिलो. खुर्च्यांचं निमित्त, दुसरं काय.

हम्माद सहाव्या खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर. आमच्या फोटोत असा कधी बसला नाही. त्याने जंजिऱ्याचं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. भारतात आफ्रिकी माणसांचं राज्य, समुद्रात किल्ला! घानाचा याव नावाचा वेल्डर तर उठून उभाच राहिला. हम्माद गोंधळला. "मेरे अब्बा बरफ के कारखाने में थे," तो म्हणाला. तरी टाळ्या थांबेनात.

मग प्रत्येकाने आपल्याला काय हवं ते सांगितलं. कुणी म्हणालं सगळ्या आफ्रिकेला एकच चलन, कुणी म्हणालं एकच पासपोर्ट. हम्मादची पाळी आली.

"एक पासपोर्ट हुआ, मैं नैरोबी उतरा," तो म्हणाला. "वहाँ पूछेंगे क्या, तू किधर का?"

सगळ्यांत आधी याव हसला. "मुझे भी पूछा था नैरोबी में."

सगळे ओटिएनोकडे बघायला लागले. त्याने खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तो म्हणाला, "पूछेंगे."

"तो फिर ये सब किसलिए?"

"इसीलिए," ओटिएनो म्हणाला.

हम्मादला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला स्वतःला पटलं की नाही, तेही नाही. त्याचा चेहरा तसाच गोंधळलेला होता, पण तो खुर्चीवरून उठला नाही.

तेवढ्यात यावचं लक्ष दाराकडे गेलं. घामाघूम, झारा घेऊन उभा असलेला मी. त्याने हम्मादला विचारलं, "ये आदमी कौन है?"

हम्मादने वळून पाहिलं. क्षणाचाही विचार केला नाही.

"मेरे गाँव का है," तो म्हणाला.

श्रीवर्धन माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. खाडीसुद्धा. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"जेवण थंड होतंय," एवढंच म्हणालो आणि वळलो. खुर्च्या परत मागायच्या त्या दिवशी राहूनच गेल्या.